नॅनोचिपमधला आवाज आणि तिथे नसलेले चुंबक

‘शास्त्रज्ञांनी नॅनोचिपमध्ये चुंबक बसवून आवाज वळवला, लवकरच गोंगाट एकाच दिशेने अडवणाऱ्या भिंती मिळतील’, असा दावा समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे. आम्स्टरडॅमच्या ‘आमोल्फ’ संस्थेतील एवोल्ड फेरहाखेन यांच्या गटाचे हे काम २०२० मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. दाव्यात मात्र त्यातले फारसे काही उरलेले नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कंपने वळवण्यासाठी तिथे चुंबक वापरलेलेच नाही, आणि वापरून उपयोगही झाला नसता. चुंबकीय क्षेत्र गतिमान विद्युतप्रभाराला वळवते. इथला ‘आवाज’ म्हणजे चिपमधल्या सिलिकॉनचे कंपन; त्याला, म्हणजे फोनॉनला (कंपनाच्या ऊर्जेच्या पुडक्याला), प्रभारच नसतो.

‘मग हा सगळा बनावच’, हा त्यावरचा उलट आक्षेपही टिकत नाही. चुंबकत्वाचा परिणाम केवळ बलातून दिसतो असे नाही, हे आहारोनोव्ह आणि बोम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच मांडले होते: क्षेत्र शून्य असलेल्या जागेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचीही कला (म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते, आणि प्रवासाची दिशा उलटली की त्या बदलाचे चिन्हही उलटते. कंपनांसाठी नेमके हेच फेरहाखेन यांच्या गटाने घडवून आणलेले आहे. वेगवेगळ्या वारंवारतेने कंप पावणाऱ्या दोन कंपनांमध्ये ऊर्जेची देवाणघेवाण सहसा होत नाही. पण लेसरची तीव्रता त्या दोन वारंवारतांमधील फरकाइतक्या लयीत कमीजास्त केली, तर प्रकाशाचा दाब त्यांना जोडतो, आणि त्या लयीची कला जाताना फोनॉनमध्ये मिळवली जाते, तर परतताना वजा होते. एकाच वाटेवर हा फरक जाणवत नाही. दोन वाटा मिळून बंद वळसा तयार झाला, की एका दिशेने येणाऱ्या लहरी परस्परांना बळ देतात आणि उलट दिशेने त्याच एकमेकींना मारतात. प्रभारित कणाला चुंबकीय क्षेत्रात जे अनुभवास येते, त्याचे गणित हेच आहे. फरक इतकाच, की इथे ‘क्षेत्रा’चे मूल्य लेसरच्या लयीवरून ठरवता येते आणि लेसर बंद केला की ते नाहीसे होते.

आता भिंतींबद्दल. ही कंपने मेगाहर्ट्झमधली, म्हणजे सेकंदाला लाखो वेळा होणारी आहेत, तर माणसाचा कान सुमारे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकतो. ऐकू येणारा आवाज एकाच दिशेने जाऊ देणारे उपकरण टेक्सास विद्यापीठात आंद्रेया आलू यांच्या गटाने २०१४ मध्ये केले खरे, पण ते वेगळ्याच तत्त्वावर, कड्यासारख्या पोकळीत छोट्या पंख्यांनी हवा फिरवून. आणि तेही अनुनादाच्या, म्हणजे ज्या वारंवारतेला पोकळी जोराने साथ देते तिच्या आसपासच्या, अरुंद पट्ट्यातच चालते, तर गोंगाट अनेक वारंवारतांमध्ये पसरलेला असतो. शिवाय शेजाऱ्यांचा आवाज थांबवायला तो एकाच दिशेने अडवण्याची गरज काय, हे दावा करणाऱ्यांनी सांगितलेले नाही. जाड विटांची भिंत तो दोन्ही बाजूंनी अडवते, आणि तिला लेसर लागत नाही.