पाय जमिनीला टेकले

माझी उंची चार फूट दहा इंच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावहून मुलीकडे नवी मुंबईत घणसोलीला गेले होते. तिला भाड्याच्या खोलीसाठी पुस्तकांचं कपाट हवं होतं. म्हणाली, "आई, तुर्भ्याला आयकियात जाऊ. दोनच स्टेशनं आहेत." नाव ऐकून माहीत होतं. आधी 2018 साली हैदराबादला आणि मग 2020 च्या डिसेंबरात तुर्भ्याला हे दुकान निघालं तेव्हा पेपरात वाचलेलं. फर्निचरच्या एवढ्या मोठ्या दुकानात पाऊल टाकायची ही माझी पहिलीच वेळ.

जमिनीवर बाण काढलेत, त्यांच्या मागे चालत राहायचं. एकामागून एक सजवलेल्या खोल्या लागतात. कुठे बैठकीची खोली, कुठे स्वयंपाकघर, कुठे नुसतीच झोपायची खोली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर किंमत आणि मापं. मी पहिल्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले. मुलगी सरळ आत जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ये ना, बस. इथे कोणी काही म्हणत नाही."

मी बसले नाही. त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका दुकानात खुर्ची घ्यायला गेले होते. प्लास्टिक चढवलेल्या खुर्चीवर टेकले तशी मालकाने हाक मारली, "मॅडम, माल खराब होतो, नुसता बघा." किंमत विचारली तर माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितली. खुर्ची तिथेच ठेवून आम्ही परत आलो. तो प्रसंग मी कधी कोणाला सांगितला नाही, पण तेव्हापासून दुकानात बसून बघायचा धीर झाला नाही.

पहिल्या खोलीत बसले नाही, पण पुढे त्या दिवशी तुर्भ्याला मी अकरा खुर्च्यांवर बसले. मोजल्या. दर वेळी मुलगी माझ्या पायांकडे बघायची आणि दर वेळी टाच अधांतरी.

आमच्याकडे बाईच्या वाट्याला फर्निचर कसं येतं, ते खान्देशातल्या मैत्रिणींना सांगायला नको. ते आंदणात येतं. माझं लग्न 1996 चं. वडिलांनी शिरपूरकडच्या वखारीतून साग आणला, सुतारदादा पंधरा-वीस दिवस अंगणात बसले. रंधा चालला की ढलप्या उडायच्या आणि सगळ्या घरात तो गोडसर वास भरायचा. अजून मला साग म्हटला की वडील आठवतात. पलंग, ड्रेसिंग टेबल, चार खुर्च्या आणि लोखंडी कपाट असं सगळं ट्रॅक्टरवर चढून माझ्या आधी सासरी पोहोचलं. सुतारदादांनी मापं फूट, इंच, सूत लावून घेतली ती दाराची, भिंतीची, खोलीची. जिच्यासाठी हे चाललं होतं ती तिथेच चहाचे कप घेऊन ये-जा करत होती. तिचं माप घ्यावं हे कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. त्या वेळी तशी पद्धतच नव्हती.

काम मात्र एकदम पक्कं. 29 वर्षं झाली, पलंगाचा एक सांधा हललेला नाही. पण त्या खुर्चीत बसले की माझे पाय लोंबतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रात्री जेवणं उरकली की वह्या तपासायच्या, तर पायाखाली पाट घेऊन. पाट सरकतो. दोन तासांनी मांड्यांखाली मुंग्या येतात, म्हणून मग पलंगावर मांडी घालून, वह्या उशीवर ठेवून, पाठ वाकवून. कंबर दुखते म्हणून तेल लावलं, शेक घेतला, पट्टा बांधला. खुर्ची उंच आहे असं एकदाही म्हटलं नाही. मी बुटकी आहे असंच म्हणत आले.

तुर्भ्याला मला जे हवं होतं ते मुलांच्या विभागात सापडलं. अभ्यासाचं टेबल, मूल वाढेल तशी पायांची उंची वाढवायची. 59, 66, 72 सेंटीमीटर. तिथे मांडलेलं मधल्या उंचीवर होतं. मुलीने शेजारची एक बसकी खुर्ची ओढली. मी बसले. दोन्ही तळवे पूर्ण फरशीवर टेकले, कोपर टेबलावर सहज आलं, खांदे वर चढले नाहीत. वय 51. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही.

मुलीने तिथेच मोबाईलवर वाचून दाखवलं, की हैदराबादचं दुकान काढायच्या आधी ह्या कंपनीच्या माणसांनी भारतातली जवळपास हजार घरं आत जाऊन बघितली, लोक कसे बसतात, कसे रांधतात ते विचारलं. स्वीडनहून येऊन त्यांना विचारावंसं वाटलं. आपल्या घरी आपण एकमेकांना विचारत नाही, हे माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

मुलीचं कपाट घेतलं, माझं टेबल घेतलं. खाली गोदामात रांगेचा आणि खणाचा नंबर बघून खोकं स्वतःच उतरवायचं असतं. सगळं सुटं, चपटं बांधलेलं. ही सुट्या सामानाची पद्धत त्यांच्याकडे 1956 पासूनची. टेबल गाडीत मावेना म्हणून पाय काढले, तिथून सुरू झाली म्हणतात. आमचं खोकंही रेल्वेच्या सीटखाली सरकवून चाळीसगावला आलं. जोडणीच्या पुस्तकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं. ह्यांनी आणि मी मिळून संध्याकाळभरात जोडलं.

सासूबाईंनी फळीवर बोटांनी टकटक करून बघितलं. "हाई काय भुसानं शे का व?"

हो, भुशाचंच आहे. लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली पाटी, वरून रंगाचा थर. कडेतून पाणी मुरलं की फुगणार. स्क्रू पुन्हा पुन्हा काढले-घातले की पकड जाणार. नातवंडांना सांगावं असं हे लाकूड नाही आणि सागाची सर त्याला येणार नाही. सासूबाईंचं बरोबर आहे, आणि तरी मला ते टेबल हवं होतं.

खुर्ची मात्र तिथून आणली नाही. घरी आल्यावर आंदणातली एक खुर्ची घेऊन सुतारआळीत गेले. म्हटलं, चारही पाय तीन इंच कमी करा. ते दादा म्हणाले, "ताई, सागाची आहे, कशाला कापता?" मी त्यांच्यासमोर बसून दाखवलं. त्यांनी माझ्या लोंबत्या पायांकडे बघितलं, काही बोलले नाहीत, गुडघ्यामागून जमिनीपर्यंत टेप धरला आणि खडूने खूण केली. दहा मिनिटांचं काम, पैसे घेईनात. त्यांना हे कधीही करता आलं असतं. मीच बसून दाखवलं नव्हतं.

म्हणून आमच्या भागातल्या दुकानदारांना आणि सुतारदादांना माझं मनापासून सांगणं आहे, तुमच्या हातात जी कला आहे ती त्या मोठ्या दुकानात नाही. पण किंमत चिठ्ठीवर लिहा. प्लास्टिक काढा, बायांना बसू द्या. आणि माप घेताना विचारा, बसणार कोण?

आता नणंदेचं पाचोऱ्याला नवीन घर चाललंय. ती माझ्याएवढीच. ओटा किती उंच, तर गवंडीदादा म्हणाले, "तेहतीस इंच, सगळीकडे तोच असतो." मागच्या रविवारी तुर्भ्याच्या दुकानातला कागदी टेप घेऊन गेले होते. तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं. कोपराच्या थोडं खाली हात सहज चालतो, पोळी लाटताना खांदा वर ओढावा लागत नाही. गवंडीदादांनी कानामागची पेन्सिल काढून तिथे रेघ मारली. जमिनीपासून मोजलं तर तीस इंच भरलं. नणंद पुन्हा पुन्हा त्या रेघेशी जाऊन, हातात लाटणं असल्यासारखे हात फिरवून बघत होती.