बर्फासाठी तारीख बदलते, मग उसासाठी का नाही?

नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशाची यादी लागली की आमच्या तालुक्याच्या चौकात दोन दिवसांत फ्लेक्स झळकतात. क्लासचं नाव ठळक, संचालकांचा फोटो भलामोठा आणि खाली निवड झालेल्या पोरांचे इवलेसे फोटो. पोरांचं कौतुक आहेच, वर्षभर घासलंय त्यांनी. पण त्या फ्लेक्सवर मी दरवर्षी एक चेहरा शोधतो आणि तो क्वचितच सापडतो: परीक्षेच्या दिवशी ज्याचे आई-बाप उसाच्या फडात होते, असं एखादं लेकरू.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पाचवीचा वर्ग माझ्याकडे असतो आणि वर्गातली निम्म्याहून जास्त घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी. पुढचं वाचून कुणाला मी राजकारण करतोय असं वाटेल. वाटू द्या. मला तर हा साधा वेळापत्रकाचा प्रश्न दिसतो. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा आपल्याकडे ऐन गळीत हंगामात होते. २०२५ च्या प्रवेशासाठी ती १८ जानेवारीला होती, २०२६ च्या प्रवेशासाठी १३ डिसेंबरला. या दोन्ही तारखांना आमच्या भागातली कितीतरी लेकरं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, कुठल्यातरी साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, असतात.

शहरातल्या मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, साधारण जिल्ह्याला एक. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली ही कल्पना. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्येच प्रयोग म्हणून निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. तेव्हा केंद्रात शिक्षणाचं खातं नरसिंह रावांकडे होतं. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये त्यांनी सर्वेल या गावी अशीच एक निवासी शाळा काढली होती. हेतू सरळ होता: खेड्यातलं हुशार पोर बापाच्या खिशामुळे मागे राहू नये.

आमच्या जिल्ह्याची नवोदय गेवराई तालुक्यात, गढीला. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागाच्या, किमान एक तृतीयांश मुलींच्या. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी आहे, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. परीक्षेच्या फॉर्मला रुपया लागत नाही. सातारच्या सैनिक स्कूलचं नाव १९६१ पासून मोठं आहे, पण तिथली वर्षाची फी लाखाच्या वर. शिष्यवृत्त्या आहेत खऱ्या, पण आकडा ऐकूनच आमच्याकडचा माणूस फॉर्मपाशी थबकतो. म्हणून आमच्यासाठी निवासी शाळा म्हणजे नवोदय, दुसरी नाही.

आता परीक्षा. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २०, भाषेचे २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकलं तर वजा नाही. ही आखणी मला मनापासून आवडते. निम्मा पेपर आकृत्यांचा: वेगळी आकृती ओळखा, मालिका पुढे न्या, आरशात कशी दिसेल, लपलेली आकृती शोधा. यासाठी घरात पुस्तकं असावी लागत नाहीत, आईला इंग्रजी यावं लागत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, हा प्रकार मी मुलांना रद्दी पेपर आणि बाभळीचा काटा देऊन शिकवतो. सगळी पोरं घड्या घालतायत, टोचतायत, उलगडून बघतायत. हिने दोनदा केलं आणि काटा खाली ठेवला. म्हणाली, "सर, काटा नको. तसंच दिसतंय मला." सराव पेपरात बुद्धिमत्तेच्या ४० पैकी तिचे ३७ बरोबर यायचे. अंकगणितात मात्र २० पैकी ९.

हे ९ कसले, म्हणून एके दिवशी तिच्या चुका घेऊन बसलो. गुणाकार-भागाकार पक्के. संख्यांची तुलना पक्की. अपूर्णांक, दशांश, परिमिती इथे सगळा अंधार. वह्या काढल्या तर कारण समोरच होतं. तिसरीत आणि चौथीत दिवाळीपर्यंत जे शिकवलं ते तिला येत होतं. त्यानंतरचं तिच्या वहीतच नव्हतं. ऊसतोडीची टोळी कधी निघाली आणि कारखान्याचा पट्टा कधी पडला, म्हणजे गाळप कधी संपलं, हे तिच्या उत्तरपत्रिकेवरून सांगता आलं असतं. तिला गणित येत नाही असं म्हणणाऱ्याला गणित म्हणजे काय ते कळलेलं नाही.

तरी या खाचा भरता येतात. ऑगस्टात फॉर्म भरतो तेव्हा घरं भरलेली असतात. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव जुळवणं, फोटो आणि सह्या मोबाइलवरून नीट अपलोड करणं, मुख्याध्यापकांचा दाखला, हे सगळं आम्ही शिक्षक उरकतो. शाळा सुटल्यावर तासभर थांबलं तर दशांश अपूर्णांक महिन्याभरात होतात. परीक्षेच्या दिवशी पोर केंद्रावर हजर कसं करायचं, तिथे मात्र आमचे हात टेकतात.

उसाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर. त्यांतलं एक माणूस गावाकडे निघालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे टोळीचा मुकादम कापणार. त्या मुलीच्या वडिलांना मी फोन केला तेव्हा ते काही वाकडं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तिला एकटीला यष्टीत बसवता येत नाही, आन आमच्यातलं एक आलं की कोयता मोडला. धाकल्याला बी तीच सांभाळती." प्रवेशपत्र मी काढून ठेवलं होतं. केंद्र तालुक्यालाच, पेपर साडेअकराला. ती आली नाही. पुढच्या वर्षी बसवू म्हणायची सोय नाही, कारण ही परीक्षा पाचवीत असतानाच देता येते, आयुष्यात एकदाच.

आता माझा मुख्य मुद्दा. नवोदय समिती देशभर एकाच दिवशी परीक्षा घेत नाही. काश्मीर, हिमाचल यांसारख्या थंडीच्या भागांत हिवाळ्यात रस्ते बंद, शाळा बंद, म्हणून तिथे वेगळी तारीख देतात. २०२५ मध्ये ती १२ एप्रिलला होती. तिथली मुलंही त्याच वर्षी सहावीत बसतात, काही आभाळ कोसळत नाही. म्हणजे मूल त्या काळात पोचू शकत नाही हे कारण समितीने तत्त्व म्हणून मान्य केलेलंच आहे. बर्फ नकाशावर दिसतो, ऊस दिसत नाही, एवढाच फरक. बीड, शेजारचं पाथर्डी, जालना-परभणीचे काही तालुके इथे दरवर्षी त्याच महिन्यांत गावंच्या गावं रिकामी होतात. हे काही अचानक येणारं संकट नाही. त्याचं वेळापत्रक कारखान्यांकडे असतं, मुकादमाकडे असतं, आणि हजेरीपटावर आमच्याकडेही असतं.

यावर मला मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत.

पहिलं म्हणजे, "हंगामी वसतिगृहं आहेत ना." आहेत. आई-बाप गेल्यावर आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांना शाळेत जेवण मिळतं आणि त्यामुळे खूप मुलं मागे थांबतात, हे मी डोळ्यांनी बघतो. पण वसतिगृह मंजूर होऊन सुरू व्हायच्या आत बऱ्याचदा टोळ्या गेलेल्या असतात, आणि ज्या घरात मागे म्हातारं माणूसच नाही तिथलं पोर कुणाकडे थांबणार? २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहांची योजनाही आली. चांगलीच आहे. पण वसतिगृहं पुरेशी झाली की परीक्षेचं बघू, असं म्हणत बसलं तर मधल्या काळातली पाचवी दरवर्षी हातची जाते. तारीख बदलायला इमारत बांधावी लागत नाही.

दुसरं, "हंगाम एप्रिलातही चालतो की." कधी कधी चालतो. २०२१-२२ ला ऊस इतका होता की मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत रेंगाळलं. पण एरवी पाडव्याच्या आगेमागे गाड्या परतायला लागतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी नसली तरी बरीच मुलं गावात असतील. डिसेंबरात ती नक्की नसतात. आणि तेही नको असेल तर स्थलांतरित मुलांना जिथे आई-बाप आहेत त्या तालुक्यातलं केंद्र द्या. निवड बीडच्याच यादीत करा, पेपर तेवढा शिरोळला घ्या.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते आपल्याच माणसांकडून येतं: "ही पोरं घर सोडून राहायची नाहीत. मिळालं तरी पळून येतील." अहो, ज्या लेकराने जन्मापासून वर्षातले सहा महिने परक्या गावात, पाचटाच्या कोपीत काढलेत, पहाटे तीनला आई-बाप गाडी भरायला गेल्यावर धाकट्याला झोपवलंय, त्याला तुम्ही होस्टेलची भीती दाखवता? नवोदयमध्ये नववीला ३० टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. त्या वर्षी रडारड कुणाच्या घरी होते ते शाळेच्या गेटवर उभं राहून बघा. नोकरदार आई-बापांच्या. आणि मुलींचं म्हणाल, तर आमच्याकडे सातवी-आठवीतच स्थळं बघायला लागतात, कारण फडात वयात आलेली पोर सांभाळायची धास्ती. बारावीपर्यंत ती सरकारी कंपाउंडच्या आत असली तर बापाची ती धास्ती जाते आणि लग्नाचा विषय आपोआप चार-सहा वर्षं पुढे सरकतो. यापेक्षा स्वस्तातला उपाय कुणाकडे असेल तर सांगा.

मग ग्रामीणच्या त्या ७५ टक्के जागांवर जातं कोण? नियम कडक आहे. तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली हवी. त्यातला एक दिवस जरी शहरी शाळेत गेला असेल तरी मूल शहरी धरतात. कागदावर तंतोतंत पाळलाही जातो. फक्त नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर आणि पोर तालुक्याच्या नाहीतर शहराच्या निवासी क्लासमध्ये, असा प्रकार सर्रास चालतो. यात शाळाही आनंदाने डोळे मिटतात, कारण पट घसरला की शाळाच बंद होण्याची टांगती तलवार. कुणा एकाला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही, सगळ्यांचीच सोय होतेय. फक्त ती जागा ज्याच्यासाठी राखली होती तो परीक्षेच्या दिवशी उसाच्या मोळ्या बांधतोय. काही पालक तर त्याही पुढचे. "पोराला चौथीतच अजून एक वर्ष ठेवता का सर, तयारी पक्की होईल." पाचवी दुसऱ्यांदा करून बसता येत नाही हे त्यांना पाठ असतं.

निकालानंतर क्लासच्या ग्रुपवर 'यंदाचा कटऑफ' फिरतो. ८८ लागला, ९१ लागला. कुठून आला विचारलं तर "अनुभवावरून". सैनिक स्कूलला निदान विषयवार गुणांचं कार्ड हातात पडतं. इथे सामान्य पालक यादीत रोल नंबर शोधतो आणि नसला की मूल कमी पडलं असं धरून चालतो. फेरतपासणीची तरतूद नाही. सव्वा गुणाच्या एका प्रश्नावर कितीतरी मुलं आत-बाहेर होत असणार, हे त्या दहा वर्षांच्या जिवाला कुणी समजावून सांगत नाही. यावर वेगळं लिहीन, आज विषय तो नाही.

आज विषय तारखेचा आहे आणि त्यासाठी मला मदत हवी आहे. प्रत्येक नवोदयच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि महाराष्ट्र ज्याच्याखाली येतो ते विभागीय कार्यालय पुण्यात आहे. दोन्हीकडे अर्ज द्यायचाय. नुसता "गरीब लेकरांवर अन्याय" असा अर्ज दिला तर तो फायलीला लागेल. आकडे हवेत. तेव्हा बीड, नगर, जालना, परभणी, धाराशिवकडच्या पाचवीच्या शिक्षकांनी आपापल्या शाळेचे तीन आकडे मला मेसेंजरवर कळवा: पटावर किती, नवोदयचे फॉर्म किती भरले, आणि त्यातले स्थलांतरामुळे किती गैरहजर राहिले. सोबत शाळेचा यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) द्या म्हणजे कुणी खोटं म्हणणार नाही. मुलांची नावं मात्र पाठवू नका, फोटो तर नकोच.