घशातल्या चामखिळीला मूळ नसतं, आणि बिब्बा तर तिथे लावायचाच नसतो

कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय. ‘घशातली चामखीळ डॉक्टर मुद्दाम अर्धी ठेवतात. मुळापासून काढली तर परत येत नाही. लेझरने ती पसरते. बिब्ब्याचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल रोज थेंबभर घशात सोडा, महिन्यात झडते. नाहीतर एचपीव्हीची लस घ्या, आजार संपला.’

आधी तेल, कारण त्याने जीव जाईल. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल का चोळतात, हे इथे कुणाला सांगायला नको. टरफलाचं तेल कातडी जाळतं आणि बिब्बाही तसाच. ही चामखीळ, म्हणजे पॅपिलोमा, असते स्वरयंत्रात, श्वासाच्या वाटेवर. गिळलेलं तेल तिथे पोचत नाही. पोचलंच, तर ते श्वासनलिकेत उतरलं असा अर्थ. तान्ह्या बाळाची तिथली वाट जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की पाऊण वाट बंद.

आता ‘मूळ’. ही चामखीळ ज्यांच्यामुळे होते ते एचपीव्ही ६ आणि ११ हे विषाणू गाठीपुरते नसतात, शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही दडून असतात. म्हणून खोल खरवडूनही गाठी परत येतात, आणि वर व्रण राहतो तो वेगळाच. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तिथे दोन्हीकडून एकदम खरवडलं, तर जखमा एकमेकींना चिकटून पडदा धरतो. आवाज कायमचा जातो, श्वासही अडतो. चांगला सर्जन तिथे एका बाजूचं थोडं जाणूनबुजून ठेवतो आणि पुढच्या वेळी काढतो. यात फसवणूक नाही, मुलाचा आवाज वाचवणं आहे.

लेझरने गाठी पसरतात, याला आधार नाही. आज बऱ्याच ठिकाणी मायक्रोडिब्रायडर वापरतात: फिरतं पातं गाठ कापतं आणि सोबतच ओढून घेतं. खाली पसरण्याचा संबंध दिसतो तो गळ्याला भोक पाडून नळी बसवण्याशी. म्हणून ती शक्यतो टाळतात. श्वासच कोंडला तर मात्र बसवावीच लागते, आणि जमेल तितक्या लवकर काढायची.

वर्षाला चारपेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागत असतील किंवा गाठी फुप्फुसाकडे उतरत असतील, तर औषधाची जोड द्यायचा विचार करतात. बेव्हासिझुमॅब शिरेतून देतात, सुरुवातीला साधारण दर ३ आठवड्यांनी, मग अंतर वाढवत. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखतं. थांबवलं की गाठी बहुधा परततात, म्हणून बरं वाटलं तरी मनाने बंद करू नये. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासत राहायचं. जखम भरायला ते अडथळा आणतं, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख त्याच्याशी जुळवूनच ठरवतात. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये प्रौढांसाठी पॅपझिमिओस या इंजेक्शनला मान्यता मिळाली; चाचणीतल्या ३५ पैकी १८ जणांना उपचारानंतर वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही.

लस झालेला आजार मिटवते असं सिद्ध झालेलं नाही. ती आहे प्रतिबंधासाठी, आणि तिथे तिचं मोल फार मोठं. खोक्यावर ६ आणि ११ हे आकडे आहेत का, तेवढं पाहा. पुण्यात बनणाऱ्या सर्व्हाव्हॅकमध्ये ते आहेत. फक्त १६ आणि १८ असलेली लस या गाठींसाठी उपयोगाची नाही.

मुलाचा आवाज ३-४ आठवडे बसलेलाच असेल, तर दम्याचा पंप देत राहण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना वाजते, या गाठींचा घरघराट श्वास घेताना. बरगड्या आत ओढल्या जात असतील, पाणी पिववत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर लगेच १०८. पावसात घाट बंद असतो, म्हणून ठरलेली तारीख आषाढावर ढकलू नका. फाइल घराबाहेर पडताना हातात हवी: आधीच्या शस्त्रक्रियांची टिपणं, गाठीच्या तपासणीचा अहवाल आणि भूल देताना कितव्या नंबरची नळी बसली होती तो आकडा. नव्या ठिकाणच्या भूलतज्ज्ञाला सगळ्यांत आधी तोच लागतो.