मांजराचे नख, हळदीची पट्टी आणि तीन दिवसांची वाट

गेल्या काही आठवड्यांत सांगलीतील अनेकांच्या मोबाईलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा आशय असा: घरच्या मांजराने नख मारले तर हळद आणि खोबरेल तेल लावून पट्टी घट्ट बांधावी व ती तीन दिवस सोडू नये; पाळीव मांजरापासून रेबीज होत नसल्याने इंजेक्शनाची गरज नाही; सूज आलीच तर घरात शिल्लक असलेली अँटिबायोटिकची गोळी दोन दिवस घ्यावी; आणि मांजर म्हातारे होऊन नखे मारू लागले की त्याला वेळीच बाहेर सोडून यावे. आमच्या घरी सोळा वर्षांची मनी आहे आणि आईला मधुमेह आहे. यातील पहिला आणि तिसरा सल्ला आम्ही मागच्या पावसाळ्यात मनीचे नख आईला लागले तेव्हा स्वतः अमलात आणला होता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांतली (जमिनीखालच्या कोठारांतली) हळद पाहत वाढलेल्या माणसाला तिच्याविरुद्ध लिहिणे जड जाते, परंतु जखमेच्या बाबतीत लिहिलेच पाहिजे. शिजवून, वाळवून, पॉलिश करून, पोत्यात भरून आणि गिरणीत दळून आलेली पूड स्वयंपाकाला उत्तम असली तरी ती निर्जंतुक नसते. त्यातच मांजराचे नख बारीक आणि आकड्यासारखे वाकडे असल्यामुळे ते खोल रुतते, वरचे छिद्र काही तासांत मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो व पंजे चाटताना तो नखांवर येतो. त्याचा संसर्ग झाला तर बहुधा चोवीस तासांच्या आतच जागा लाल होऊन सुजते आणि ठणकू लागते. म्हणजे पट्टी तीन दिवस बंद ठेवायची, तर नेमका पाहण्याचा काळ आपण झाकून टाकतो. आईच्या मनगटावरची पट्टी आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडली तेव्हा सगळी कातडी पिवळी दिसत होती, आणि लाली कुठे संपते हे डॉक्टरांनाही हळद धुऊन काढल्याशिवाय कळेना. त्यांनी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून दिली. सकाळी लाली त्या रेघेच्या दोन बोटे पुढे गेलेली होती.

करायचे ते साधे आहे. ओरखडा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावा, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे, झाकायचेच असेल तर स्वच्छ गॉज सैल बांधावे आणि रोज उघडून पाहावे. लाल रेघ हातावर वर चढू लागली, ताप आला, पू दिसला किंवा बोटाचा सांधा आखडला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी यातील कशाचीही वाट न पाहता आधीच दाखवावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दलही तेव्हाच विचारून घ्यावे.

पाळीव मांजरापासून रेबीज होत नाही हे विधान सरळ चुकीचे आहे आणि संपूर्ण मजकुरातील सर्वांत घातक आहे. मांजर आपले असले तरी रात्री कौलांवर त्याची गाठ कोणाशी पडते हे आपल्याला ठाऊक नसते. शिवाय मांजर म्हातारे झाले की त्याची वार्षिक लस बहुतेक घरांत हळूहळू विसरली जाते. रक्त न येता नुसते खरचटले तरी लस सुरू करावी, आणि कातडी फाटून रक्त आले तर लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे, असा नियम आहे. सरकारी रुग्णालयात कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी मिळते (० म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस). मांजराला १० दिवस नजरेखाली ठेवावे; ते ठणठणीत राहिले तर पुढील डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. मात्र ते १० दिवस पाहून मग लस सुरू करणे योग्य नाही, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

शिल्लक गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. एरिथ्रोमायसिनसारखी काही नेहमीची अँटिबायोटिके पाश्चुरेलावर नीट चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना ‘मांजराने ओरखडले आहे’ हे आवर्जून सांगावे लागते. आईला आम्ही दाढदुखीच्या वेळच्या गोळ्या दिल्या आणि त्यात एक अख्खा दिवस गेला. हेच सांगणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. बार्टोनेला या जंतूमुळे होणाऱ्या आजारात ओरखडा बरा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी काखेत गाठ सुजते आणि ताप येतो, पण तोवर ओरखडा कोणाच्या लक्षातही नसतो. हा जंतू पिसवांच्या विष्ठेतून नखांत येतो, म्हणून पिसवांचा बंदोबस्त पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावा. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध मांजराला विषारी ठरते.

राहिला शेवटचा सल्ला, जो वाचून मला सर्वाधिक वाईट वाटले. म्हाताऱ्या मांजराची नखे पूर्वीसारखी आत ओढली जात नाहीत, घासणे कमी झाल्याने त्यांचे जुने टरफल गळत नाही, ती जाड होतात आणि कधी कधी वळून पंज्याच्या गादीतच रुततात. मनी फरशीवरून चालली की टकटक आवाज येऊ लागला होता, तेव्हाच आम्हाला हे कळायला हवे होते. तिने आईला रागाने ओरखडले नव्हते. मांडीवर चढताना दुखऱ्या मागच्या पायांनी दगा दिला, आणि पडू नये म्हणून तिने मिळेल ते धरले. असे मांजर अचानक चिडके झाले असेल तर संधिवात, दातदुखी किंवा थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. सोळा वर्षे घरात जेवलेल्या जिवाला मार्केट यार्डात सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणे होय.

आता दर दोन-तीन आठवड्यांनी, जेवून ती सुस्तावली की आम्ही तिला टॉवेलवर घेतो, पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढतो आणि आतली गुलाबी शीर सोडून फक्त टोक कापतो. एका बैठकीत एकच पंजा होतो. चढण्यासाठी आईच्या खुर्चीजवळ एक बुटका पाट ठेवला आहे.