कोविडच्या वर्षी एचआयव्हीची तपासणी कुठे गेली?

"कोविडमध्ये एचआयव्हीच्या कार्यक्रमाचं काही अडलं नाही, गोळ्या सगळ्यांना पोचल्या." परवा एका बैठकीत हे वाक्य ऐकलं, तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

गोळ्या पोचल्या, हे खरंच आहे. तीन-तीन महिन्यांच्या एकदम दिल्या. काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी मोटारसायकलवर नेऊन फाट्यावर हातात ठेवल्या. फाट्यावरच, कारण घरी पाकीट गेलं की गल्लीभर चर्चा. त्या पोरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण गोळी मिळते कुणाला? ज्याचं नाव आधीच रजिस्टरात आहे त्याला. ज्याची तपासणीच झाली नाही, तो कुणाच्या यादीत असणार?

मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करतो. मार्च २०२० नंतरही आमचं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं केंद्र, कागदावर सुरूच होतं. दार उघडं, किट फ्रिजमध्ये, आणि टेक्निशियन स्वॅबच्या ड्युटीवर. समुपदेशक ताईंना कोविडच्या फोनवर बसवलेलं. ओपीडी ओस. आमच्याकडे एचआयव्हीच्या तपासणीला माणूस आपणहून क्वचितच येतो. तो येतो ओपीडीतून, टीबीच्या खोलीतून, गरोदर बायकांच्या नोंदणीतून. ते रस्तेच आटले, तर लॅबमध्ये कोण येणार? एचआयव्ही, टीबी आणि मलेरियासाठी देशोदेशी पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडाच्या २०२१ च्या अहवालात आहे: ते काम करतात त्या देशांत २०२० साली एचआयव्हीच्या तपासण्या आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी घटल्या. तपासण्या घटल्या की नवे रुग्णही कमी दिसतात, आणि तक्ता बघणाऱ्याला वाटतं, चला, आजार आटोक्यात आला.

व्हायरल लोडचं, म्हणजे रुग्णाच्या रक्तात किती विषाणू आहेत या तपासणीचं, दुखणं वेगळं. विषाणू मोजायला पीसीआर लागतं, कोविडलाही पीसीआरच. टीबीसाठी आणलेली सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रंसुद्धा कोविडला जुंपली गेली. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, माणसं डोळ्यांदेखत जात होती. पण व्हायरल लोड लांबला की गोळी लागू पडतेय की नाही हे समजायला मार्गच उरत नाही. आकडा १००० च्या वर गेलेला, म्हणजे गोळीने विषाणू दबत नसलेला माणूसही दिसायला धडधाकट असतो, कामावर जात असतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो तान्ह्या बाळांसाठी. आई पॉझिटिव्ह असेल तर तिची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात उतरतात, त्यामुळे अठरा महिन्यांपर्यंत साधी रॅपिड टेस्ट बाळाबद्दल खात्रीचं काही सांगू शकत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घ्यायचे, वाळवायचे आणि मोठ्या लॅबला पाठवायचे. संसर्ग असून उपचार मिळाला नाही, तर अशी जवळपास निम्मी बाळं दुसरा वाढदिवस बघत नाहीत. आता विचार करा, एप्रिल-मेमध्ये सहा आठवड्यांच्या झालेल्या बाळाला घेऊन बाळंतीण कशी येणार होती? एसटी बंद, गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या.

आणि ही भानगड मुंबई-पुण्यात बसून कळायची नाही: आपल्याकडे पुष्कळ लोक मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन तपासणी करतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात चुलतभावाचा मेव्हणा वॉर्डबॉय असतो, रक्त काढणारी बाई शेजारच्या वाडीची असते. म्हणून बीडचा माणूस नगर गाठतो, लातूरचा सोलापूर. जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि हा आडोसाच गेला. ई-पासवर कारण काय लिहायचं? नाक्यावर पोलिसाने "कशाचा आजार?" विचारलं, मागे गावातलाच माणूस उभा असला, तर काय सांगायचं? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, पण नाक्यावर कायदा वाचून दाखवणार कोण? आमच्या ओळखीतले एक मामा म्हणाले होते, "सायेब, मेलो तर कोरोनानं मेलो म्हनतील, ते बरं."

ऊसतोडीवाल्यांचं तर काय सांगावं. एप्रिल २०२० मध्ये परवानगी मिळाल्यावर बीड जिल्ह्यातले मजूर कारखान्यांवरून परत आले, तेव्हा प्रत्येकाचं तापमान तपासलं, हातावर शिक्के मारले. पाच-सहा महिने फडात राहिलेल्या गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी राहून गेलीय का, हे तेव्हाच विचारलं असतं तर किती सोपं होतं! माणसं तर स्वतःच रांगेत उभी होती. पण त्या गडबडीत एकाच आजाराचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा आम्हालाच उचलणार, हे मला ठाऊक आहे. खेड्यात लॅबचा माणूस आणणार तरी कुठून. तेव्हा माझं म्हणणं आत्ताच मांडून ठेवतो. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात लिहून टाका की गरोदर बायकांची तपासणी आणि सहा आठवड्यांच्या बाळांचं कार्ड थांबणार नाही. व्हायरल लोडसाठी निदान आठवड्यातला एक दिवस यंत्र मोकळं ठेवा. दोन टेक्निशियन असतील तर एकालाच हलवा. तो एक बहुतेक कंत्राटी असणार, त्याचा पगार तेवढा वेळेवर करा.