शेवळांचा पंचनामा कोण करणार?

पावसाच्या तोंडावर ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटला गेलात तर शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतील, सोबत मूठभर काकडं (आंबट रानफळं), कारण काकडांशिवाय शेवळं केली तर घसा असा खाजतो की विचारू नका. आमच्याकडे आई आतला पिवळा भाग काढून टाकते, बारीक चिरून तेलावर परतते, काकडांचा रस आणि मग सोललेली कोलंबी. वर्षातनं दोन-तीनदाच होते ही भाजी, कारण वळवाच्या सरी पडल्या की शेवळं जमिनीतनं वर येतात आणि पान उघडलं की सीझन संपला.

आता २०२५ चं बघा. मे मध्येच धो धो. मुंबईत मान्सून २६ मेला, एरवीची तारीख ११ जून, आणि २०२३ ला हाच पाऊस २५ जूनला आला होता! एका वर्षावरनं क्लायमेट चेंज म्हणून ओरडू नये हे मान्य, पण अरबी समुद्र तापतोय, पाऊस थोड्या दिवसांत जोरात पडतोय हे शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत. माझ्या नेहमीच्या मावशी त्या वर्षी अर्धीच पाटी घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "सर पडून मधी ऊन लागतं बाबा. पाऊस थांबलाच नाही, निम्मी रानातच कुजली." त्यात राब, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायचा राहिलेला, तो भिजल्यावर पेटणार कसा, आणि न भाजता पेरलं की रोपांपेक्षा तणच जास्त.

भाताचं नुकसान झालं तर निदान तलाठी येतो, पंचनामा होतो. शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी या रानभाज्यांचा सातबारा कुठाय? जूनमध्ये या बायकांच्या घरातलं भात संपत आलेलं, लावणीची मजुरी अजून सुरू नाही, तेव्हा याच पाटीवर तेल-मीठ येतं. हे नुकसान कुठल्याच कागदावर नाही, याचा मला खरंच राग येतो. ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव होतात, मी आवर्जून जातो, पण तोवर शेवळं कधीच संपलेली असतात.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातनं मिळणाऱ्या अशा गोष्टींवर, गावाचा हक्क मान्य केलाय ना, मग त्याच ग्रामसभेला दरवर्षी लिहू द्या की काय कधी उगवलं, किती मिळालं, किती गेलं, आणि त्यावर भरपाई द्या. माहिती कुठून आणणार म्हणून कोणी विचारू नका. कुठल्या वर्षी कुठल्या टेकाडावर शेवळं आधी निघाली ते मावशी जुडी बांधता बांधता सांगतात.