"पहिली महिला"च्या पुढे काय?

"पहिली महिला अमुक" म्हटलं की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. रोझ हाइलब्रॉन यांचं नेमकं तेच झालंय.

लिव्हरपूलच्या या वकीलबाई 1949 साली, वयाच्या 34व्या वर्षी किंग्ज काउन्सेल, म्हणजे राजाकडून नेमलेल्या ज्येष्ठ वकील, झाल्या. त्या आणि हेलेना नॉर्मंटन, दोघी एकदमच; इंग्लंडमध्ये त्याआधी हा मान एकाही बाईला नव्हता. तेव्हा घरात काही महिन्यांची मुलगी! 1972 मध्ये ओल्ड बेलीच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टाच्या, न्यायासनावर बसणाऱ्याही त्याच पहिल्या. हायकोर्टाचं जजपद मात्र 1974 ला. म्हणजे 25 वर्षं ताटकळणं. या भागाला टाळ्या पडत नाहीत.

लिव्हरपूलच्या कॅमिओ सिनेमाच्या मॅनेजरचा आणि त्याच्या सहायकाचा खून झाला होता. आरोपी जॉर्ज केली, त्याच्या वकील हाइलब्रॉन. बाई वकील मिळाली म्हणून तो आधी कुरकुरला म्हणतात. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत होईना. दुसऱ्यात तो दोषी ठरला आणि मार्च 1950 मध्ये फासावर गेला. 2003 मध्ये अपील कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्याच एका माणसानं आपल्याकडे कबुली दिल्याचा एका कैद्याचा जबाब पोलिसांकडे होता आणि तो बचाव पक्षाला दाखवलाच नव्हता. हाइलब्रॉन तेव्हा 88 वर्षांच्या होत्या. ही बातमी त्यांनी कशी ऐकली असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम 1975 चं. बलात्काराच्या कायद्यावर नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. तक्रारदार बाईचं नाव छापू नका, आणि "आधी कोणाकोणाबरोबर होतीस?" हे जजच्या परवानगीशिवाय विचारू नका, असं या समितीनं सुचवलं. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये कायदा झाला.

आता आपल्याकडे या. नाव उघड करण्यावर बंदी आली 1983 मध्ये, तीही तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला सुप्रीम कोर्टात आरोपींच्या सुटकेनं संपला आणि बायका रस्त्यावर उतरल्या, त्यानंतर. आणि तक्रारदार बाई "अनैतिक चालीची" आहे हे दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा देणारं पुरावा कायद्याचं कलम 155(4)? ते गेलं 2002 च्या दुरुस्तीनं. तोवर ते आपल्या प्रत्येक कोर्टात बिनदिक्कत वापरता येत होतं.